खिळ्यांची वही

माझ्याकडे खिळ्यांची वही आहे.
जळालेलं चर्च पुन्हा उभं राहतंय, म्हणून पास्टरनी दिलेली,
कारण मी शाळेत गणित शिकवते
आणि कोणाशी फार बोलत नाही.

पहिली नोंद: अकरा किलो, गंजके.
बुटोनहून येणाऱ्या भंगारवाल्याने
लोहचुंबक फिरवून राखेतून वेचलेले,
आमच्या हातुमेरीच्या राखेतून
आणि खाडीपलीकडच्या लासिवानेच्याही,
एकाच पोत्यात.
दोन रात्री मी ते सुपात ओतून बसले,
हा आमच्या वेदीचा, हा त्यांच्या मशिदीचा,
असं काही ओळखू येतं का बघत.
आलं नाही.
वाटलं, रविवारी हेच सांगावं सगळ्यांना,
गोड वाटेल.

सुतार दोमिंगुसने त्यातला एक उचलला,
अंगठ्याने वाकवला, तारेसारखा.
"आगीतून गेलेलं लोखंड मऊ पडतं, बाई.
दिसतं खिळ्यासारखं. धरत नाही."
मी खोडून लिहिलं: निरुपयोगी.

मग भरतीबरोबर आढं आलं,
दोन होड्यांच्या मध्ये बांधलेलं,
लासिवानेची बत्तीस माणसं घेऊन.
पूर्वजांची शपथ आहे तशी:
ही दोन गावं एका आईच्या पोटची,
एकाचं छप्पर दुसऱ्याने चढवायचं,
मागितलं तर नाही म्हणायचं नाही,
आपसांत सोयरीक करायची नाही,
भावाबहिणीत होत नाही म्हणून.

किनाऱ्यावर, नेमकी वाटेत,
वेल्मिना लवंगांची चटई पसरून बसली होती.
हलेना.
बत्तीस खांद्यांवर आढं तोलून ते थांबले.
तिने सगळ्यात पुढच्याला विचारलं,
हाजी हुसेन सालाम्पेसींना,
"माझा नवरा जळाला त्या रात्री
ही शपथ कुठे झोपली होती?"

आढं खांद्यावरच होतं.
"शपथ नव्हती झोपली," ते म्हणाले.
"आम्ही झोपेचं सोंग घेतलं.
तुमच्या ज्वाळा आमच्या भिंतीवर हलत होत्या.
मुलगा उठून बसला, तर मी त्याला म्हटलं,
कूस बदल."

कोणाच्या तरी हनुवटीवरून घाम
लवंगांवर टपटपत राहिला.
वेल्मिनाने चटईचा एक कोपरा दुमडला.
एक माणूस जाईल एवढाच.
क्षमा वगैरे शब्द कोणी उच्चारला नाही.
बत्तीस जण एकामागे एक, तिरके होत,
पाऊल जपून टाकत गेले.
एकही लवंग चिरडली नाही,
मी मोजल्यासारखी बघत होते.

तिसऱ्या प्रहरी त्यांची नमाजाची वेळ झाली.
छप्पर नसलेल्या चर्चमध्ये सावली तेवढी भिंतीलगत.
पास्टरनी हातोडी खाली ठेवली,
कोणी सांगितलं नव्हतं.
वेल्मिना घागर घेऊन आली
आणि हाजींच्या हातांवर पाणी घालू लागली,
तोंड दुसरीकडे वळवून,
धार मात्र सरळ.
त्यांचे हात थरथरत होते.
म्हाताऱ्याने दिवसभर आढं वाहिलं होतं,
म्हणूनही असेल.

संध्याकाळी दोमिंगुसने आढं बसवलं
लाकडी खुंट्यांवर. लोखंड नाहीच.
"ही ओल पितात, फुगतात,
जितकी वर्षं जातील तितकी घट्ट."
मी लिहिलं: खुंट्या, चौसष्ट.

मग बराच वेळ पेन तसंच धरून बसले.
त्यांच्या गावची राख कुठून आली
हे मला कोणी विचारलं नव्हतं.
माझा भाऊ त्या आठवड्यात पलीकडे गेला होता,
आणि तो निघाला तेव्हा
झाकण घट्ट बसत नाही म्हणून
फडक्याचा बोळा मीच करून दिला होता.

नव्या पानावर तारीख टाकली, सहा वर्षांपूर्वीची.
रॉकेल: एक डबा.
खाली माझं नाव.

पुढच्या भरतीला त्यांच्या मशिदीचे वासे चढवायला जायचंय.
वही मी बरोबर घेणार आहे.