पाचशेला एक

माझं काम काच पुसायचं.
शिरपूर फाट्याच्या अलीकडे, तापीच्या पुलाजवळ
पत्र्याचं एक ऑफिस, एसी लावलेलं.
आत खाटेएवढं एक शहर
काचेखाली झोपलेलं.

दोन हॉटेलं, मॉल, चारशे फ्लॅट,
लग्नाचा हॉल, दवाखाना,
आणि मधोमध सोनेरी टोपीवाला कॅसिनो.
त्याचं लायसन यायचंय अजून.
तोवर बोर्डावर ‘मनोरंजन केंद्र’ लिहा
असं वरून आलंय.

प्रमाण पाचशेला एक.
म्हणजे माणूस
तिळापेक्षा मोठा, ज्वारीपेक्षा लहान.
केळीची झाडं स्पंजाची, दिसतात नारळासारखी.
तापी मात्र निळीशार, बारमाही,
आणि लाटा सगळ्या पूर्वेकडे वळवलेल्या.
बनवणारा नोएडाचा होता.
कोणी बोललं नाही. मीही नाही.

आखाजीच्या संध्याकाळी धुडकूमामा आला,
डब्यात खापराचे मांडे घेऊन.
चष्मा काचेला टेकवून बराच वेळ वाकलेला.
‘आपलं गाव कोठे शे रे यामा?’
मी बोट ठेवलं : हे गोल्फ, हे पार्किंग,
यांच्या मधोमध.
तिथे नुसतं हिरवं कापड.
मामाने काच उचलून कापडावरून हात फिरवला.
‘हाई ते पत्तासनी चादर शे.’

पत्त्यांतलं मामाला कळतं.
आयुष्यात एकदाच पकडला गेला,
आखाजी होऊन दोन दिवस झाल्यावर.
आखाजीला जमादारसुद्धा
तोंड फिरवून आमरस खातो.
गुन्हा म्हणाल तर एवढाच, उशीर.

रात्री वॉचमन वाहरू पावरा,
इलेक्ट्रिशियन रुबाब तडवी, मामा आणि मी.
झन्नामन्ना.
पगार दोन महिने नाही, लावणार काय?
मामाने बोटाला थुंकी लावली
आणि मॉलच्या दारातला एक माणूस उचलला.

उभा माणूस एक.
छत्रीवाली बाई दोन.
लग्नाच्या हॉलपुढचा घोडा पाच.
‘सारंगखेड्याला दाखव पाचात घोडा,’
म्हणत वाहरूने तो हरला.
मग हॉटेलाचा स्विमिंग पूल रिकामा झाला,
मग फ्लॅटच्या गॅलऱ्या.
पहाटे दोनशे बारा माणसं
मामाच्या चुन्याच्या डबीत बसली,
आणि मामा सायकलवर.

सकाळी फोन : सुरतेची पार्टी निघालीय.
मी गावात पोचलो तेव्हा मामा घोरत होता,
डबी पूर्वजांच्या घागरीशेजारी,
डांगराला टेकवलेली.
परत आलो तर गाडीचं दार वाजलं बाहेर.
कोण कुठे उभं होतं ते आठवेना,
गोंद वाळलेला, बोटं थरथरत होती.
मी डबी तशीच पालथी केली
हिरव्या कापडावर,
गोल्फ आणि पार्किंगच्या मधोमध.

पार्टी कॅसिनोवरून पुढे सरकली,
लग्नाच्या हॉलवरून, दवाखान्यावरून.
तिथे थांबली.
‘इथे एवढी पब्लिक कशी?’

साहेबांनी पापणी लववली नाही.
‘सर, तिथे आपण
काहीतरी मोठं करतोय.’

चौथ्या दिवशी एक पोरगा आला दुर्बीण घेऊन,
आणि निंबाच्या पाराभोवती
लाल झेंड्या रोवून गेला.
मामा पारावरच होता, पाय वर घेऊन बसला.
विचारलं काहीच नाही.
माझ्याकडे बघत
तंबाखूत चुना मळत राहिला.

नोएडाहून नवं शहर येणार आहे,
यापेक्षा मोठं, म्हणे तीनशेला एक.
जुन्यातली माणसं मोजून द्यायची होती.
दोनशे अकरा भरली.
छत्रीवाली बाई नाही.
टेबलाखाली पाहिलं, खिसे उलटे केले,
मामाला विचारलं तर जीभ काढून दाखवली,
पांढरी, चुन्याने भाजलेली.

लायसन आलेलं नाही अजून.
तापी पश्चिमेला वाहते आहे.
ऊन पंचेचाळीस.
मी काच पुसतो.