छाट

सतरा वर्षांनी पट्टा वर आला.
नरसव्वा येमूल, डावा डोळा, वय एकसष्ट.
पापणीआड पांढरं टोक,
भाताचं शीत अडकावं तसं.
"खुपतंय," म्हणाली, "पण दिसतंय की."

तेव्हा पडदा सुटला होता
कुंभारीच्या घरकुलात, सुपावर वाकलेली असताना.
खालून काळं पाणी चढलं,
आधी पानं गेली, मग कात्री, मग स्वतःचे हात.
माझ्याआधीच्या सरांनी डोळ्याला
सिलिकॉनचा पट्टा आवळला, चार टाके घातले,
आणि तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा रोज आठशे विड्या.

आज वरचं आवरण उघडतो
तर पट्टा सापडतच नाही.
सापडते एक खोळ,
पांढुरकी, चिवट,
कात्रीला दाद न देणारी.
पुस्तकात लिहिलंय, पेशी आधी चालून येतात,
आलेल्याला खाऊन बघतात,
पचत नाही म्हटल्यावर
त्याच्याभोवती धागा सोडत बसतात.
परकं आहे. असू दे. गुंडाळा.

भूल डोळ्यापुरतीच. ती जागी आहे.
हिरव्या कापडाखालून विचारते,
"काय करायलाव?"
सांगतो, तुमच्या डोळ्यानं पट्टा गुंडाळून ठेवलाय,
तो सोडवतोय.
बराच वेळ गप्प. मग,
"पान ओलं असलं तर वळतंय नीट.
वाळलेलं चिरतंय."
आणि थोड्या वेळानं, कुणालाच नाही असं,
"कारखान्यात मूठभर छाट काढत्यात रोज.
निम्मी चांगली असती.
पैसे देत न्हाईत, विडी ठेवून घेत्यात.
ह्यानं सतरा वर्षं काढली न्हाई म्हणा."

आत्ता काढली, असं मी म्हणत नाही.
कापतो, एका टोकानं ओढतो.
सर्रकन येतो हातात, पिवळसर, गुळगुळीत,
एक तंतूही चिकटलेला नाही.
इतकी वर्षं कवेत,
आणि अंगाला अंग लागलेलं नाही.

खोळ राहू देतो.
आतली खाच अजून तशीच, पडदाही जागेवर.
कशाच्या आधारानं, ते मला नक्की सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली तिच्या हातात दिली.
उजव्या डोळ्याजवळ धरून तिनं पाहिलं.
"एवढंच?"
मग अंगठा आणि बोटामध्ये
ती बाटलीच हळूहळू वळत राहिली,
तोंड कुठल्या बाजूला ते चाचपत.