नकाशावरचा मग

पाचव्या दिवशी तुझा गुडघा बोलायला लागतो
आणि तू गप्प होतोस.
ओळखते मी, डेस्मंड.
कुंपणावरची लाकडी शिडी आली
की तू मला पुढे जाऊ देतोस.
ते काही दाक्षिण्य नव्हे,
माझी पाठ वळली की खांब धरता येतो म्हणून.

पलीकडे मेंढ्या. एकटक बघतात,
आपण त्यांची उधारी बुडवून निघालोय जणू.

सकाळपासून धुकं अंगाला चिकटलंय.
पाऊस म्हणावा तर नाही,
नाही म्हणावं तर चष्मा पुसून पुसून रुमाल ओला.
इथेच कुठेतरी सीमा आहे,
या बुटाखाली इंग्लंड, त्या बुटाखाली वेल्स,
चिखल दोन्हीकडचा सारखाच हट्टी.

सोमवारी ‘लंगडा ससा’.
दाराशी बूट काढायला लावले,
आणि माझ्या मोज्याचं भोक बघून
मालकीणबाईंनी शेकोटीजवळचं बाक दिलं.
काउंटरवर व्हिनेगरमधल्या अंड्यांची बरणी.
कुणी कधी मागताना दिसत नाही,
तरी बरणी अर्धीच असते, प्रत्येक पबात.
एम्रिस नावाचा म्हातारा आला, कुत्र्यासकट,
आणि एका मेंढीची गोष्ट तासभर सांगत बसला.
मेंढी शेवटी सापडली की नाही
ते तो निघून गेल्यावर आपल्या लक्षात आलं.

लोकांचा जीव भांड्यात पडतो,
तुझा ग्लासात.
पहिला घोट, डोळे मिटलेले,
मग वरच्या खिशातून ती वही:
‘कडवट. शेवटी करपलेल्या पावाची चव.
दहापैकी सात.’
एकतीस वर्षांत तू कुणालाच दहा दिले नाहीस.
लग्नानंतरच्या पहिल्या सहलीचं पान
मी एकदा चोरून वाचलं होतं:
‘आठ. ग्लेनिसला थंडी वाजतेय.’
बस, एवढंच. माझा कोट ओला होता,
तुझा मी घातला होता,
त्याचं काही नाही.

आज सात मैल तू नकाशाच्या भरवशावर चाललास.
नकाशा तुझ्या वडिलांचा,
घड्यांवर चिकटपट्टी लावलेला,
आणि दरीच्या तळाशी, ओढ्याच्या वळणावर
तो छोटासा निळा मग.
‘दुपारचं तिथेच,’ तू म्हणालास,
म्हणून मी सँडविच बांधले नाहीत.

मग होता, पब नव्हता.
पाटीचा लोखंडी हात तेवढा भिंतीबाहेर,
त्याला जिरेनियमची कुंडी टांगलेली.
दार एका बाईने उघडलं, कडेवर मूल.
‘अकरा वर्षं झाली बंद होऊन,’ ती म्हणाली,
‘पण दर उन्हाळ्यात येतातच कुणीतरी
असे, नकाशा घेऊन.’
तिला सवय होती. आपल्याला नव्हती.

तिने अंगणातलं बाक झाडून दिलं,
नळाचं पाणी आणलं दोन ग्लास,
पबचेच उरलेले, पाइंटाची रेघ असलेले.
पाऊस लागला की तळघराला
अजून बिअरचा वास येतो म्हणाली.
मूल तुझ्या काठीशी खेळत होतं.
तू मात्र उंबऱ्याकडे बघत होतास,
दोनशे वर्षांच्या बुटांनी
मधोमध खोलगट केलेल्या त्या दगडाकडे.
मग उठलास, आणि कुणाला न विचारता
एक पाय त्यात ठेवून पाहिलास.
बसला. नीट बसला.

परत येऊन वही काढलीस.
पाण्याबद्दल काय लिहिणार, म्हणून
मी खांद्यावरून डोकावले:
‘नळाचं पाणी. लोखंडाची किंचित चव. सहा.
ग्लेनिसच्या डाव्या टाचेला फोड आलाय,
सांगत नाहीये.’

मी पाय बाकाखाली ओढून घेतला.
तू वही मिटलीस, नकाशा उलगडलास,
बोटाने ओढा ओलांडलास, रान ओलांडलंस.
‘पुढचा मग चार मैलांवर,’ म्हणालास.
‘असला तर.’