शेंद्री

मार्चचा पहिला सोमवार. तिच्या बेटावर सुट्टी,
खडकीत मात्र नळाला पाणी यायची वेळ.
रोझिता नापुती एम्प्रेस गार्डनमधून वेचलेली
शेंद्रीची बोंडं फोडते,
बिया चोळते कोमट पाण्यात.
भात तांबडा. बोटंही.

"आधी शोधदिन म्हणायचे याला.
गलबतवाल्यांना आम्ही सापडलो म्हणून."
झाकण ठेवते.
"आम्ही हरवलो नव्हतो.
मग नाव बदललं. आता दिवस आमचा."

खालच्या चिपळोणकर काकू वाटीभर भात घेतात,
जिन्यातच थबकतात.
"माझंही बदललं होतं. लग्नात, तांदळात लिहून.
माहेरची मी वेणू."

संध्याकाळी वाटी परत येते,
आत गुळाचा खडा.
रोझिता कठड्यावरून वाकून हाक मारते,
वेणू!

खाली कुकरची शिट्टी.
मग, जरा उशिरानं,
ओ.