काटा

गुलटेकडीच्या यार्डात अकरा वर्षं लसूण विकतेय.
ओंजळीत आला की वजन कळतं,
काटा मागाहून बोलतो.

म्हणून ती पहिल्यांदा तळव्यावर ठेवली
तेव्हा कुणी सांगायची गरज नव्हती.
एक किलो तीनशे चाळीस, लिसम्मा सिस्टर म्हणाल्या.
मनात म्हटलं, चाळीस वरचे धरले बाई तुम्ही.

फुरसुंगीहून सासूबाईंचा निरोप:
पहिला चीक पिळून टाक, बाळाला बाधतो.
सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत.
पिचकारी घेऊन माझ्यापुढं बसल्या,
थेंब थेंब वर ओढला.
दोन मिली. लसणाची एक बारीक पाकळी.
नळीतून तो खाली उतरला
आणि मी पेटीच्या काचेशी
श्वास धरून.

तिसऱ्या दिवशी वजन उतरलं. चौथ्याही.
आधी उतरतंच, सिस्टर म्हणाल्या.
उतरत्या भावाला मी आजवर कधी भ्यायले नव्हते.

माझं पुरेना, तेव्हा बँकेतनं दूध आलं,
गोठलेलं, बाटलीवर नुसता नंबर.
कुणाचं, ते विचारायचं नसतं.
अकरा वर्षांत पावशेराची उधारीसुद्धा
वहीत मांडल्याशिवाय सोडली नाही मी.
हे कुठं मांडू?

मग एके सकाळी तिला छातीशी बांधली,
अंगाला अंग, टोपी आणि मोजे तेवढे,
वरून नवऱ्याचं जुनं उपरणं.
हात तीनदा धुतले होते. तरी नखांत वास राहतोच.
ती त्या वासाकडं वळली.
चाचपडली,
तीन वेळा ओढलं
आणि दमून झोपली.
पुन्हा तीन.
एवढंसं तोंड, आणि ओढ अशी
की पाठीच्या कण्यात जाणवली.

आता मलाच जास्त होतं.
रात्री दोनला उठते, वॉर्डात पंखे तेवढे जागे,
उकळलेल्या वाटीत काढून ठेवते.
सिस्टर नंबर चिकटवतात.
कुणाला, हेही मी विचारत नाही.

दुपारी तुळशीदास मुनीमांचा फोन:
कधी येताय? भाव चढलाय.
हो ना, म्हटलं, आज अठरानं चढला.
अठरा? छे! कोण म्हणतं?

काटा म्हणतो, म्हटलं,
आणि पदर सावरला,
तिची चौथी ओढ मोजत होते.