स्टॉल नंबर एकोणीस

पांझरेच्या काठी तीन दिवसांची खाद्यजत्रा.
गुलाबी कुपन, साठ रुपये, परत मिळणार नाहीत.

सुपडाबाई कोपरापर्यंत मांडा ताणते
आणि उपड्या खापरावर सोडते,
निजल्या पोरावर गोधडी टाकावी तसा.

मी विचारते, "किती वेळ लागेल?"
ती बोर्डावरच्या भाषेत सांगते,
"पाच मिनिटं, मॅडम."

मंचावर कुणी अहिराणीचे गोडवे गातंय,
शुद्ध मराठीत. माईक मध्येच शिट्टी मारतो.

वारा फिरतो, धूर अंगावर येतो,
माझ्या तोंडून निसटतं,
"डोया जयनात वं माय!"

तिचे हात थबकतात.
"कथाईन उनी तू?"

तेवढ्यात मांडा एका कडेनं करपला.
ती बदलून देत होती.
मी तोच मागून घेतला.