पाऊणपट

सोमवारी अकराला खेडच्या कोर्टात हजर व्हायचं.
बशीर हजवाने सात वर्षं आत राहून आला,
त्याला हर्णैच्या बंदरावर गाठलं, लिलावाच्या वेळी.
बर्फाच्या पेटीवर बसून म्हणाला,
चष्मे दोन ने. दाढ दुखत असेल तर आधीच काढून घे.
कुणाला गुन्हा विचारू नको, आपला सांगू नको.
पहिला महिना कुणाची बिडीसुद्धा नको.
घड्याळ इथंच ठेव.
मग बराच वेळ तो सुरमईची बोली ऐकत राहिला.

दापोलीला जाऊन दाढ काढून आलो.
सुगंधाचा फोननंबर पाठ करतोय.
एकवीस वर्षांच्या संसारात
आकडे कधी लागलेच नव्हते,
नाव दाबलं की ती बोलायची.
आता भाकरी थापता थापता मध्येच विचारते,
शेवटचे चार?
चुकलो की परत पहिल्यापासून.

तसा आकड्यांत मी चुकणारा नव्हे.
अठरा वर्षं मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी.
किल्ल्यामागच्या खडकावर कुजत पडलेल्या होडीला
मी दरमहा बाराशे लिटर डिझेल पाजलं.
कागदावर ती समुद्रात जात राहिली,
कागदावर तिच्यावर सात खलाशी,
त्यातला एक तर केव्हाच वारलेला.
सही माझीच.
चेअरमन सुटला, तो भाग वेगळा.
बशीर म्हणाला, तो वेगळा भाग आत नेलास
तर तीन वर्षांची तीस होतील.

रात्री धाकू तांडेल आला. पायरीवरच बसला.
त्याचंही नाव मी कुठल्यातरी बिलात घातलं होतं,
ते त्यानं काढलं नाही.
म्हणाला, घाटावर नेतील तुला. तिकडे पाणी नाही.
तिथी धर. तिथीची पाऊणपट कर,
तेवढ्या वाजता इथं भरती पुरी.
चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा.
अठरा वर्षं होड्यांचे कागद केले मी,
आणि हे दोनदा विचारावं लागलं.
आत तिथी कशी कळायची?
धाकू हसला. उपासवाला एखादा
आतपण असतोच रे. त्याला विचार.

तो गेल्यावर सवयीनं हिशेब केला.
वागणूक नीट राहिली, अंगावर काम घेतलं,
माफीचे दिवस बशीर म्हणतो तसे मिळाले,
तर तीनाची पाऊणपट सव्वादोन.
पेन्सिलीनं लिहिलं. मग खोडलं.
न मिळालेलं जमेला धरायची खोड
तिथूनच तर सुरू झाली होती.

सोमवारी पहाटे सप्तमी. म्हणजे सव्वापाच.
मी भिंतीकडे तोंड करून बसलो,
घड्याळ उशीखाली.
सुगंधा बॅटरी घेऊन मागच्या दारी उभी.
कोंबडा, लांब एक इंजिन, मग काहीच नाही.
अंदाजानं म्हणालो, आता.

"अजून चढतंय," ती ओरडली,
"वीतभर तरी."
मी पुन्हा मोजायला लागलो.